वालचंदांचे विमान आणि परक्यांचे इंजिन

मराठवाड्याच्या खेड्यांत वीज पोहोचण्यापूर्वीची विहिरीवरची शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाण्याने थंड होणारे इंजिन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. विहिरीच्या काठी चौथऱ्यावर बसवलेले डिझेल इंजिन पाणी उपसू लागले की त्याच पाण्याची एक बारीक धार त्याच्या बिडाच्या अंगातून फिरवली जाई आणि कोमट होऊन पाटाला मिळे. ती धार बंद पडली तर इंजिन तापे, दट्ट्या सिलिंडरमध्ये आवळला जाई आणि ऐन हंगामात शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळे. जळणाऱ्या इंधनातून जी उष्णता निघते तिचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा कामी येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढून द्यावी लागते. पाणी हे काम उत्तम करते, एवढेच त्यामागचे शास्त्र.

याच साध्या व्यवस्थेने माणसाला आकाशात नेले. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेच्या किटी हॉक येथे राइट बंधूंचे विमान उडाले, ते चार सिलिंडरांच्या, पाण्याने थंड होणाऱ्या, सुमारे १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर. पुढील चाळीस वर्षांत या इंजिनाची शक्ती शंभर पटींहून अधिक वाढली. भारतात विमानाचा कारखाना उभा राहिला तो १९४० च्या डिसेंबरात. म्हणजे आपण त्या मानाने फार मागे होतो असे नव्हे. परंतु त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या विमानाचे इंजिन परदेशातून आले होते, आणि त्यानंतरच्या आठ दशकांत हे चित्र मुळातून बदललेले नाही. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर तो कारखाना काढणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यात सापडते. शेठ वालचंद हिराचंद यांना महाराष्ट्र साखर, बोगदे आणि जहाजे यांसाठी ओळखतो. त्यांच्या नावाचे गाव आहे, त्यांच्या नावाची महाविद्यालये आहेत. विमानाचे प्रकरण मात्र त्यांच्या चरित्रातील एक धाडसी उपकथा म्हणून सांगितले जाते. वास्तविक ती उपकथा नव्हे; त्यांच्या साऱ्या धडपडीचे मर्म त्या प्रकरणातच आहे.

बार्शी ते लातूर

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, धर्माने दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा कुळाचा धंदा. आईचे छत्र जन्मानंतर लवकरच हरपले. सोलापुरात मॅट्रिक होऊन ते मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत शिकले. परंतु पदवी पदरात पडण्यापूर्वीच त्यांना घरच्या पेढीवर यावे लागले. पेढीवरच्या गादीत त्यांचे मन रमले नाही. पैशाने पैसा वाढवण्यापेक्षा पैशातून काही उभे करावे, ही ओढ त्यांच्या स्वभावात उपजतच होती.

ही ओढ ओळखणारा सोबती त्यांना अनपेक्षित ठिकाणी भेटला. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. रेल्वेची कामे कशी निघतात, त्यांचे हिशेब कसे होतात, साहेबलोक कोणत्या गोष्टीस राजी असतात, हे सारे त्यांना आतून ठाऊक होते. नव्हते ते भांडवल. वालचंदांच्या घरी भांडवल होते, रेल्वेची माहिती नव्हती. या दोघांच्या भागीदारीची सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झाली. कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये धावू लागलेली ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पुढे येडशी, तडवळे करीत निजामाच्या मुलखात शिरली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूरची बाजारपेठ, तिचा कापूस, तिची गळिताची धान्ये मुंबईशी जोडली गेली ती या रुळांनी. आज त्या मार्गावर रुंद रूळ आहेत. २०१६ च्या दुष्काळात तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाणी घेऊन आलेली गाडी बहुतांशी याच मार्गाने आली. त्या मार्गाच्या मातीकामात एका तरुण कंत्राटदाराचा पहिला घाम मिसळलेला आहे, हे मराठवाड्याने विसरू नये.

पुढची चढण वेगाने झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांची कामे, मोठमोठे पूल अशी कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. नाशिक जिल्ह्यात रावळगावच्या आणि इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळरानावर ऊस उभा राहिला. कळंबचे वालचंदनगर झाले. परंतु रुळांवर धावणारे इंजिन परदेशी, बोगदा फोडणारे यंत्र परदेशी, उसाचा रस काढणारी चरकेही परदेशी. माती आपली, मजूर आपले, कंत्राट आपले आणि यंत्र मात्र दुसऱ्याचे, हा अनुभव वालचंदांना प्रत्येक कामावर येत गेला.

समुद्रावरील धडा

हा अनुभव कडू झाला तो समुद्रावर. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या महाराजांची लॉयल्टी ही बोट वालचंदांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती भागीदारांसह विकत घेतली. १९१९ मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनच्या प्रवासास निघाली. हा दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. परंतु भारतीय मालकीच्या बोटीला माल मिळू नये यासाठी प्रस्थापित ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले, आणि १९२३ मध्ये सिंधियाला लॉर्ड इंचकेप यांच्या कंपनीशी करार करून मुख्यतः किनाऱ्यावरच्या वाहतुकीवर समाधान मानावे लागले.

यातून वालचंद जो धडा शिकले तो महत्त्वाचा होता. बोट विकत घेता येते. परंतु बोट विकणारा, तिचा विमा उतरवणारा, तिला बंदरात जागा देणारा आणि तिच्याशी स्पर्धा करणारा हे सर्व एकाच गोटातले असले म्हणजे विकत घेतलेल्या बोटीची मालकी नावापुरती उरते. म्हणून त्यांनी बोटी बांधण्याचा ध्यास घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी जलउषा पाण्यात उतरली. विकत घेणे आणि घडवणे यांतील अंतर ओळखणारी दृष्टी या दोन तारखांमागे होती. हीच दृष्टी त्यांना मोटारीकडे आणि मोटारीकडून विमानाकडे घेऊन गेली.

मोटारीच्या पोटी जन्मलेले इंजिन

येथे विमानाच्या इंजिनाचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे; कारण त्यावाचून वालचंदांच्या योजनांचा क्रम उलगडत नाही.

राइट बंधूंचे दुकान सायकलींचे. विमानास योग्य असे हलके इंजिन मोटारकंपन्यांकडे मागून मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने ते सुमारे सहा आठवड्यांत घडवले. त्याचे वजन सुमारे १८० पौंड. अंग अॅल्युमिनियमचे ओतीव. त्याच वर्षी सॅम्युअल लँगली या थोर शास्त्रज्ञासाठी चार्ल्स मॅन्ली याने पाच सिलिंडरांचे, पाण्यानेच थंड होणारे, ५२ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले होते. इंजिन म्हणून ते राइटांच्या इंजिनापेक्षा कितीतरी सरस. परंतु लँगलीचे विमान ८ डिसेंबर १९०३ रोजी पोटोमॅक नदीत कोसळले आणि नऊ दिवसांनी यश राइटांच्या पदरी पडले. चांगले इंजिन आणि चांगले विमान ही दोन वेगळी कर्तृत्वे आहेत, आणि राष्ट्राला दोन्ही साधावी लागतात, हा या दोन घटनांचा सरळ अर्थ.

पुढे फ्रान्समध्ये लेव्हाव्हासर याचे आंत्वानेत इंजिन आले. सांतोस-द्युमाँ याने १९०६ मध्ये युरोपातील पहिली उड्डाणे केली ती त्याच्याच बळावर. काही काळ हवेने थंड होणाऱ्या इंजिनांनी बाजी मारली. कारण पाणी, नळ्या आणि रेडिएटर यांचे ओझे त्यांना वाहावे लागत नसे. परंतु पाण्याच्या इंजिनाचे सिलिंडर एकामागे एक रांगेत बसवता येतात, विमानाचे नाक निमुळते होते आणि वेग वाढतो. १९१५ च्या सुमारास मार्क बिर्किग्ट याने सिलिंडरांच्या रांगेसाठी अॅल्युमिनियमचा एकसंध ठोकळा ओतून त्यात पोलादी नळकांडी बसवली. हलकेपणा आणि मजबुती या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या आणि पुढची दिशा ठरली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचे आकाश राखणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांतील मर्लिन हे बारा सिलिंडरांचे इंजिन त्याच कुळातले.

आता ही इंजिने कोणी घडवली ते पाहावे. बिर्किग्टची हिस्पानो-सुइझा ही मोटारींची कंपनी. मर्लिन घडवणारी रोल्स-रॉइस मूळची मोटारींचीच. अमेरिकेत मर्लिनची पन्नास हजारांहून अधिक नगे काढली ती पॅकार्ड या मोटारकंपनीने. इंग्लंडात फोर्डच्या मँचेस्टर येथील कारखान्याने तीस हजारांच्या आसपास काढली. अॅलिसन हे अमेरिकेचे प्रमुख द्रवशीत इंजिन. ती कंपनी जनरल मोटर्सच्या मालकीची. जर्मनीत डेमलर-बेंझ. हा योगायोग नव्हे. असे इंजिन घडवायचे तर बारीक ओतकाम करणारे कारखाने हवेत, क्रँकशाफ्टची घडाई करणाऱ्या भट्ट्या हव्यात, मिश्रधातूंचे ज्ञान हवे, केसाच्या जाडीच्या अंशापर्यंत मोजणारी मापे हवीत आणि ती मापे पाळण्याची सवय झालेले हजारो कामगार हवेत. हे सर्व शांततेच्या काळात जोपासते ती मोटार. ज्या देशात मोटार घडते त्या देशाला युद्धाच्या काळी विमानाचे इंजिन घडवता येते. ज्या देशात मोटार केवळ विकली जाते, त्याला ते साधत नाही.

नाकारलेला कारखाना

भारतात मोटारीचा कारखाना काढावा ही कल्पना प्रथम पद्धतशीरपणे मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ च्या सुमारास त्यांनी युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहिले आणि मुंबईसाठी योजना तयार केली. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने साहाय्याची तयारी दाखवली. वालचंद स्वतः १९३९ मध्ये अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणी फळास आली नाहीत. क्रायस्लरशी मात्र पुढे करार झाला. योजना, भांडवल, तांत्रिक साहाय्य, प्रांतिक सरकारची सहानुभूती असे सर्व काही जुळत आले असता हिंदुस्थान सरकारने पाठिंबा नाकारला. मोटारीच्या उद्योगाचा युद्धप्रयत्नांशी संबंध नाही, अशी सरकारची भूमिका होती.

ही भूमिका किती पोकळ होती हे वर दिलेल्या कंपन्यांच्या नावांवरूनच दिसून येईल. ज्या महिन्यांत दिल्लीचे अधिकारी मोटारीचा आणि युद्धाचा संबंध नाही असे मानीत होते, त्याच महिन्यांत खुद्द इंग्लंडचे सरकार आपल्या मोटारकारखान्यांना विमानाची इंजिने घडवण्यास जुंपीत होते. फरक होता तो देशांच्या स्थानाचा. वसाहतीने कच्चा माल द्यावा, सैनिक द्यावेत, फार तर सुटे भाग जोडून द्यावेत. यंत्राचे हृदय मात्र साम्राज्याच्या राजधानीत राहावे, हा त्यामागचा न बोललेला नियम होता.

बंगळूरची धावपट्टी

१९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना, पॅसिफिक महासागरावरील विमानप्रवासात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यापाऱ्याशी पडली. पॉली चीनसाठी विमाने पुरवीत असे आणि चीन-ब्रह्मदेश सीमेवर त्याचा जोडणीचा कारखाना होता. मोटारीची योजना अडकून पडलेल्या वालचंदांनी या भेटीत विमानाच्या कारखान्याचा विचार पक्का केला. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. विमानविद्येचा अनुभव शून्य होता. बोगद्यांचा, साखरेचा आणि बोटींचा अनुभवही त्यांनी असाच शून्यापासून मिळवला होता.

सरकारने प्रथम थंड प्रतिसाद दिला. परंतु १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडले, इंग्लंडहून विमाने मिळण्याची आशा मावळली आणि जे वर्षभर अशक्य होते ते काही आठवड्यांत शक्य झाले. म्हैसूर संस्थानाने, दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या पुढाकाराने, बंगळूरजवळ सुमारे ७०० एकर जमीन आणि भागभांडवल दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारही एक-तृतीयांश भागाचे भागीदार झाले. पॉलीची माणसे आणि अमेरिकेतून मागवलेली यंत्रसामग्री यांच्या बळावर ऑगस्ट १९४१ मध्ये हार्लो जातीचे पहिले प्रशिक्षण विमान तयार झाले. नोंदणीपासून अवघे आठ महिने. ज्यांनी भारतीयांच्या कारखानदारीविषयी शंका घेतल्या होत्या त्यांना याहून चोख उत्तर देता आले नसते.

तथापि या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हार्लोचे इंजिन अमेरिकन. त्यानंतर जोडणीस घेतलेल्या कर्टिस हॉक या लढाऊ विमानाचे सायक्लोन इंजिनही अमेरिकन, हवेने थंड होणारे. याच हॉक विमानाच्या सांगाड्यावर अमेरिकेत द्रवशीत अॅलिसन इंजिन बसवून पी-४० हे विमान निघाले होते, आणि चीनच्या बाजूने लढणाऱ्या फ्लाइंग टायगर्सनी ते गाजवले. इंजिन बदलताच विमान बदलते, हे कळण्यासाठी याहून जवळचे उदाहरण नव्हते. बंगळूरला मात्र इंजिन बदलण्याचे स्वातंत्र्यच नव्हते. जे पेटीतून येईल ते बसवायचे.

याच ठिकाणी वालचंदांवर होणारी टीकाही विचारात घ्यावी लागते. ते एकाच वेळी फार आघाड्यांवर लढत; एक कारखाना स्थिरावण्यापूर्वी दुसऱ्याची पायाभरणी करीत; भांडवल ताणत. काँग्रेसने युद्धास विरोध केला असता त्यांनी साम्राज्याच्या युद्धासाठी विमाने जोडावीत, हेही अनेकांना रुचणारे नव्हते. या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु परतंत्र देशातील उद्योजकापुढे निवड शुद्ध आणि अशुद्ध यांच्यात नसते. ती काहीतरी शिकण्याची संधी घेणे आणि मुळीच न शिकणे यांच्यात असते. युद्ध संपले की साम्राज्य जाईल, पण हाताने शिकलेला कामगार राहील, हा हिशेब चुकीचा नव्हता. बंगळूरचा पुढील इतिहास त्याची साक्ष आहे.

जपान ब्रह्मदेशात शिरताच सरकारने पवित्रा बदलला. एप्रिल १९४२ मध्ये वालचंद आणि त्यांचे भागीदार यांचे भाग सरकारने विकत घेतले. म्हैसूरने आपला हिस्सा राखला. कारभार मात्र सोडला. ज्याने कारखाना कल्पिला आणि उभा केला तो पुरुष सव्वा वर्षात त्याबाहेर पडला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन लष्करी हवाई दलाकडे सोपवण्यात आला. युद्धाच्या अखेरीपर्यंत तेथे मोठ्या प्रमाणावर विमाने व इंजिने यांची दुरुस्ती झाली. हजारो भारतीय हातांनी परकी इंजिने उघडली, धुतली, पुन्हा जोडली. शिक्षण झाले ते दुरुस्तीचे, घडणीचे नव्हे.

इंजिनाविना

बंगळूरच्या कारखान्यात अगदी प्रारंभीच रुजू झालेल्या भारतीय तंत्रज्ञांपैकी एक मराठी होते. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगन येथे प्रांट्ल या विमानशास्त्राच्या आचार्यांपाशी डॉक्टरेट मिळवली होती. त्या कारखान्यात मुळापासून रेखाटलेले पहिले उड्डाणयान कोणते, तर सैनिकांना वाहून नेणारे ग्लायडर. ग्लायडरला इंजिन नसते. दैवाने योजलेला हा विनोद असावा, इतका तो परिस्थितीस चपखल होता. स्वातंत्र्यानंतर घाटग्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतीय हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांचे पहिले धडे त्याच विमानावर झाले. रचना भारतीय, बांधणी भारतीय, इंजिन ब्रिटिश.

वालचंदांनी दरम्यान मोटारीचा नाद सोडला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या नमुन्याच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. प्रथम परदेशी भाग जोडून आणि मग क्रमाने येथेच भाग घडवून ही वाटचाल झाली. पुढे याच कंपनीची फिएट आणि तिचेच नवे नाव धारण करणारी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावर अनेक दशके धावली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, एका रांगेतले आणि पाण्याने थंड होणारे होते. म्हणजे राइट बंधूंच्या इंजिनाचा साधा, सोशिक वंशज. तो भारतात घडू लागला, पण वेळ टळून गेल्यावर. १९४० मध्ये जो कारखाना उभा राहता, त्याने युद्धाच्या पाच वर्षांत जे शिकून घेतले असते ते शिकण्याची संधी पुन्हा आली नाही. तोवर जगाने दट्ट्याचे इंजिन मागे टाकून जेट इंजिन हाती घेतले होते.

१९४९ मध्ये वालचंदांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभार सोडला. विशाखापट्टणमचा जहाजकारखाना १९५२ मध्ये बहुतांशी सरकारच्या हाती गेला. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. मागे राहिले ते कारखाने, आणि त्यांतील दोन सर्वांत मोठी स्वप्ने सरकारी मालकीची झाली होती.

राहिलेला हिशेब

वालचंदांच्या चरित्रातून सहसा धाडसाचा बोध काढला जातो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. त्यांच्या आयुष्याचा खरा बोध क्रमाचा आहे. आधी मोटार, मग इंजिन, मग विमान. आधी ओतशाळा, मग उड्डाण. परकीय सत्तेने हा क्रम मोडला आणि विमान आधी, इंजिन कधीच नाही, अशी उलटी रचना आपल्या माथी मारली. याचा दोष इंग्रजांकडे जातो, हे निर्विवाद. परंतु १९४७ नंतरचा दोष कोणाकडे जातो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. जून १९६१ मध्ये उडालेले मारुत हे लढाऊ विमान उत्तम सांगाड्याचे असूनही योजल्याप्रमाणे बलवान इंजिन न मिळाल्याने उणे राहिले. तेजससाठी देशी कावेरी इंजिनाचा प्रयत्न १९८० च्या दशकात सुरू झाला. २००१ मध्ये तेजस उडाले ते अमेरिकन इंजिनावर, आणि आजही ते अमेरिकन इंजिनावरच उडते. इंजिनाचा पुरवठा परदेशात अडला की तयार सांगाडे वाट पाहत उभे राहतात. लॉयल्टी बोटीचा १९१९ चा धडा विमानाच्या बाबतीत आपण अद्याप पुरता गिरवलेला नाही.

यास भांडवलाची उणीव हे एक कारण सांगितले जाते. ते खरे आहे. पण त्याहून मोठे कारण मनोवृत्तीचे आहे. विमानाचा सांगाडा दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते, त्याचे छायाचित्र छापता येते. इंजिनाचे काम दिसत नाही. एका मिश्रधातूच्या पात्यासाठी दहा वर्षे भट्टीपाशी उभे राहावे लागते, शंभर नमुने मोडावे लागतात आणि त्या काळात टाळ्या मिळत नाहीत. ओतशाळेत हात काळे करणारा पदवीधर आपल्या समाजात अजूनही दुय्यम मानला जातो. चार्ली टेलरचे नाव राइटांच्या सावलीत झाकले गेले, हे अमेरिकेतही घडले. पण तेथे टेलरांची संख्या मोठी होती. आपल्याकडे कल्पक वालचंद निर्माण होतात, विद्वान घाटगे निर्माण होतात. त्यांच्या मागे उभी राहणारी टेलरांची फौज निर्माण होत नाही.

हा प्रश्न मराठवाड्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. बार्शीहून आलेल्या त्या छोट्या रुळांच्या टोकाशी, लातूरजवळ हरंगुळ येथे, आज रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. डिसेंबर २०२० मध्ये तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. बंगळूरच्या विमानकारखान्यानेही युद्धानंतर रेल्वेचे डबे बांधले होते, हा एक बोलका योग. नांदेडला विष्णुपुरी येथे १९८१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. लातूरची शिकवण्याची पद्धत राज्यभर नावाजली जाते, आणि दर वर्षी या दोन जिल्ह्यांतून हजारो मुले अभियांत्रिकीकडे व वैद्यकीकडे जातात. परीक्षेत गुण मिळवण्याची विद्या आपण पैदा केली आहे, यात शंका नाही. आता प्रश्न इतकाच आहे की, या मुलांपैकी किती जणांना सांगाड्याच्या आतील यंत्राकडे वळवले जाईल. किती शाळांत इंजिन उघडून दाखवले जाईल. आणि ज्या मुलाचे हात गुणपत्रिकेपेक्षा अधिक हुशार आहेत त्याला शिक्षक आणि पालक किती मान देतील.

लातूरच्या वाटेवर माती उपसणाऱ्या तरुणाने पुढे जहाज, मोटार आणि विमान यांची स्वप्ने पाहिली, कारण यंत्र दुसऱ्याचे असताना श्रम आपले राहत नाहीत हे त्याला उमगले होते. त्याच्या नावाचे उत्सव करणे सोपे आहे. त्याने हाती घेतलेला आणि अर्ध्यावर हिरावला गेलेला क्रम पुरा करणे कठीण आहे. ते काम बंगळूर आणि दिल्ली यांच्यावर सोपवून नांदेड-लातूरला मोकळे होता येणार नाही. विहिरीवरचे इंजिन ज्या पाण्याच्या बारीक धारेवर चाले, तशीच कारागिरीच्या शिक्षणाची धार गावोगावच्या शाळांतून अखंड वाहिली पाहिजे. ती थांबली तर सांगाडा कितीही देखणा असला, तरी आतले यंत्र आपले होणार नाही.